हलव्याची बासरी

"अक्का, साबण दोनदा लावा. बोटांच्या मधेसुद्धा."

शोभना दारातच उभी होती. पायरीवर पाण्याची बादली, तांब्या, तिच्या हातात साबणाची वडी आणि खांद्यावर धुतलेल्या पंच्यांची चळत. ही माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. एरवी माझ्यासमोर तिचा आवाज कधी वर जायचा नाही. त्या दिवशी मात्र ती जकातनाक्यावरच्या शिपायासारखी दार अडवून उभी होती आणि मला मनातून हसू येत होतं.

"सर्दी, ताप, पोटाची काही तक्रार?" तिनं विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत होती. दोन दिवस आधी फोन करूनही तिनं सगळ्यांना बजावलं होतं की असलं काही असेल तर येऊ नका, आम्ही राग मानणार नाही.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले, हातातलं पुठ्ठ्याचं खोकं स्टुलावर ठेवलं आणि हात धुवायला वाकले.

त्या खोक्यात हलव्याचे दागिने होते. मुकुट, हार, मनगट्या, बाजूबंद आणि एक बासरी. सारंगच्या बोरन्हाणासाठी.

सारंग माझा एकुलता एक भाचा. त्याला पाच पूर्ण व्हायला तेव्हा महिनाभर उरला होता. साडेतीन वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मिरजेच्या एका हॉस्पिटलात उपचार झाले. सलाइनमधून द्यायची कडक औषधं संपली होती आणि आता दोन वर्षं रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. डॉक्टर इनामदार बाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगून ठेवलं होतं, की ही औषधं रोगाला मारतात तशी अंगातली राखणदार फौजही मारतात, त्यामुळे दुसऱ्या पोराला जे साधं दुखणं, ते याला जिवावरचं होऊ शकतं. दीड वर्षात त्या पोरानं एक वाढदिवस पाहिला नव्हता. गल्लीतली मुलं खिडकीखालून हाका मारायची आणि हा आतून गजांना धरून त्यांच्याशी गप्पा मारायचा.

बोरन्हाणाची हौस माझी. पाचव्या वर्षापर्यंतच ते करतात, म्हणजे ही शेवटची संक्रांत. शोभना नको म्हणत होती. मी पंधरा दिवस तिच्या मागे लागले. पोरानं काय जन्मभर गजाआडच बसायचं का, असंही बोलले. शेवटी तिनं डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी अटींवर परवानगी दिली. गर्दी नको, लहान मुलं नकोत, आजारी माणूस तर मुळीच नको. बोरं डोक्यावरून ओता, पण त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका.

खरं सांगायचं तर हौशीत माझा थोडा तोराही होता. सांगलीत खणभागात माझ्या हलव्याचं नाव होतं. मार्गशीर्ष लागला की मी शेगडी पेटवायची. मंद आचेवर परातीत तीळ घ्यायचे, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि हातानं हलवत राहायचं, तासन्‌तास, दिवसेंदिवस, दाण्याला काटा येईपर्यंत. बोटांची सालटी निघायची. नव्या सुना, पहिलटकरणींची बाळं, सगळ्यांचे दागिने माझ्याकडून जायचे आणि त्यातही माझी बासरी कुणाला जमत नसे. कागदाच्या नळीला दोऱ्यानं एकेक दाणा गाठ मारून बांधायचा, मधे भोकांच्या जागा बरोबर सोडायच्या. स्वतःच्या भाच्याच्या अंगावर ते दागिने चढताना मला बघायचे होते.

शोभनाची आई, सगुणामावशी, आदल्या दिवशीच गावाहून आल्या होत्या. जतच्या पलीकडे त्यांचं गाव, तीन तासांची एस.टी. बोरं त्यांच्याच बांधावरची. त्यांनी ती एकेक निवडून, उकळून गार केलेल्या पाण्यात धुऊन, स्वच्छ धोतरावर पसरून पुन्हा एकेक पुसली होती. मी आत गेले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून तेच करत होत्या.

"मावशी, बोरांना आंघोळ झाली, आता पावडर-कुंकू पण करा," मी म्हणाले.

त्या हसल्या. "लेकराच्या डोस्क्यावर पडायची हायेत वो अक्का, घाण कशी चालंल?"

त्यांच्या धुण्या-पुसण्याची मी चेष्टा केली, आणि मनात असंही आलं की खेडवळ बाई, सांगितलं तेवढं करते पण हिला काय कळणार. हे आज कबूल करायला लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं हे खरं.

सारंगला चौरंगावर बसवलं. काळा सदरा, डोक्यावर नुकतंच उगवलेलं मऊ जावळ, त्यावर माझा मुकुट. तो हलव्यापेक्षा पांढरा दिसत होता, पण असा खुलला होता की दिगंबर कॅमेरा डोळ्याला लावायचं विसरून नुसता बघत उभा राहिला. मी त्याच्या हातात बासरी दिली.

"आत्या, वाजत नाही," तो म्हणाला.

"तोंड लावून फुंक की."

त्यानं फुंकली, मग जीभ लावली, मग डोळे मोठे करून सगळ्यांकडे पाहिलं. "गोड आहे," तो म्हणाला आणि चोखायला लागला. सगळे हसले. शोभना चटकन पुढे झाली होती, बासरी काढून घ्यायला. मी तिचा हात धरला.

"असू दे गं. साखर तर आहे. आणि माझ्या हातची आहे."

ती थांबली. मग आम्ही औक्षण केलं, बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे त्याच्या डोक्यावरून ओतले. खाली सांडलेलं एकेक बोर सगुणामावशींनी लगोलग वेचून टोपलीत भरलं, एकही त्याच्या हाताला लागू दिलं नाही. सगळ्यांचं लक्ष बोरांवर होतं.

दोन दिवसांनी सारंगला उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत जुलाब. दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात ठेवलं. आधी सगळ्यांना वाटलं, मुलांना होतं तसं पोट बिघडलंय, थांबेल. ते थांबेना. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले. पेजेचा चमचा आत गेला की अर्ध्या तासात बाहेर. आतडी काही धरून ठेवत नव्हती. हाताला सुई टोचायला जागा उरली नाही. त्याचं वजन इतकं उतरलं की शोभना त्याला एका हातावर तोलून चादर बदलायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॅन्सरच्या गोळ्या बंद कराव्या लागल्या. गोळ्या जितके दिवस बंद, तितकं तो मूळ रोग डोकं वर काढण्याचं भय. म्हणजे जुलाबानं जाईल की त्या रोगानं, एवढाच प्रश्न उरला होता. असं कोणी बोलत नव्हतं, पण चौघांच्याही मनात तेच होतं.

घरात बोरांना दोष देऊन झाला होता. दिगंबर सासूशी बोलणं टाळत होता. सगुणामावशी गावाकडे गेल्याच नव्हत्या. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायच्या आणि शोभनाचे, नातवाचे कपडे उकळत्या पाण्यात धुऊन आणायच्या. मी रोज डबा घेऊन जायची.

तेराव्या की चौदाव्या दिवशी इनामदार बाईंनी आम्हा चौघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. पुण्याला पाठवलेल्या तपासणीचा कागद त्यांच्यासमोर होता.

"बोरांचा विषय डोक्यातून काढा," त्या म्हणाल्या. "हा पोटाचा विषाणू आहे. तुम्हा-आम्हाला झाला तर दोन दिवस उलट्या-जुलाब होतात आणि माणूस उठून कामाला लागतो. सारंगच्या अंगात त्याला हाकलणारं कोणी नाही, म्हणून त्यानं तिथं बिऱ्हाड केलंय. महिना राहील, दोन महिने राहील. त्याला मारणारं औषध नाही. आपण पाणी, क्षार, ताकद देत राहायचं आणि त्याची फौज परत उभी राहायची वाट बघायची."

शोभनानं विचारलं, हा आला कुठून.

"माणसाकडून. बहुतेक वेळा हातातून, हातानं केलेल्या खाण्यातून. आजारी माणूस बरा झाला तरी दोन-तीन आठवडे त्याच्या पोटातून हा बाहेर पडत राहतो. म्हणून मला विचारायचंय. बोरन्हाणाच्या आधी, आठवडाभरात, तुमच्यापैकी कोणाला उलट्या-जुलाब झाले होते का? दोष द्यायला विचारत नाही. ज्याला झाले असतील त्यानं काही दिवस या पोराजवळ येऊ नये, एवढ्यासाठी."

दिगंबर नाही म्हणाला. शोभना नाही म्हणाली. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

बोरन्हाणाच्या तीन दिवस आधी मी अंथरुणाला खिळले होते. पहाटेपासून उलट्या, मग जुलाब, दिवसभर कपडे धुण्याचीही ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची पेज पोटात टिकली. तिसऱ्या दिवशी मी उठले, कारण बासरी राहिली होती. पाय लटपटत होते, तरी खिडकीत बसून मी ती पुरी केली. एकेक दाणा उचलायचा, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, गाठ मारायची, दातानं दोरा तोडायचा. दीडशे-दोनशे गाठी असतील. आणि चौथ्या दिवशी खोकं घेऊन निघाले. मला बरं वाटत होतं. दारात शोभनानं विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर तिनं मला परत पाठवलं असतं, दागिनेही ठेवून घेतले नसते. पंधरा दिवस भांडून मिळवलेलं ते बोरन्हाण माझ्याशिवाय झालं असतं. म्हणून मी धाड भरल्याची थट्टा केली.

हे सगळं मला इनामदार बाईंसमोर एका क्षणात दिसलं. तोंड लावून फुंक, असं मीच त्याला म्हणाले होते.

"नाही," मी म्हणाले. "मला कशानं होणार?"

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचंच मला आश्चर्य वाटलं. मनात लगेच वकिली सुरू झाली, की सांगून औषध थोडंच बदलणार आहे? आणि उद्यापासून कंबर धरली म्हणून सांगू, पोराजवळ जाणारच नाही, म्हणजे झालं.

बाईंनी सगुणामावशींकडे पाहिलं. त्या उभ्याच होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या.

"मला झाली हुती उलटी," त्या म्हणाल्या.

दिगंबरनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"येताना बशीत झाली. कवठ्याच्या म्होरं. मला गाडी लागती. लगीन होऊन आल्यापास्नं लागती. म्हंजी, जवा जवा येस्टीत बसले तवा तवा..."

"तुम्ही सांगितलं का नाही?" दिगंबरनं विचारलं. आवाज खालचा होता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याचा राग असाच असतो.

"गाडी लागती ह्ये काय सांगायचं अस्तं व्हय? मला वाटलं, दुखनं न्हवं ह्ये."

इनामदार बाईंनी त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले. जुलाब झाले का, ताप आला का. मावशी प्रत्येकाला नाही म्हणत होत्या, आणि दिगंबरच्या तोंडाकडे बघून त्यांचं नाही दर वेळी जास्त हळू होत होतं. बाई म्हणाल्या, गाडीची उलटी वेगळी, त्यातून हे आलं असं मी म्हणणार नाही, पण वयस्कर माणसांत कधीकधी दुखणं पुरतं दिसत नाही, तेव्हा सांगता येत नाही. त्यांच्या बाजूनं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दिगंबरला मात्र हवं ते मिळालं होतं. चौदा दिवस त्याला रागवायला माणूस हवा होता.

मी त्याच्या शेजारी बसले होते. "दिगू, अरे मला झाले होते रे," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही असेन. मग शोभना आईकडे वळून म्हणाली, "आई, तू घरी जा," आणि मी तोंड मिटलं.

दिगंबरनं मलाच सांगितलं, अक्का, त्यांना स्टँडवर सोडून ये.

मिरजेच्या स्टँडवर जतची गाडी लागायला अर्धा तास होता. मावशींनी पिशवीतून लिंबू काढून हातात घट्ट धरलं होतं, गाडीत हुंगायला. त्यांचे हात धुऊन-धुऊन पांढरे पडले होते, बोटांच्या टोकांची कातडी फुगली होती. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि गाडी लवकर लागू दे म्हणून मनात देवाला विनवत होते.

"अक्का," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. माज्यामुळंच झालं न्हवं?"

तिथं कोणी नव्हतं. डॉक्टर नव्हत्या, भाऊ नव्हता, भावजय नव्हती. एक म्हातारी बाई होती आणि मी. सांगायला याहून सोपी जागा मला जन्मात मिळाली नसती. या बाईनं मला काय केलं असतं? रागावलीसुद्धा नसती.

"असं काय म्हणता मावशी," मी म्हणाले. "मुद्दाम कोणी करतं का? तुम्हाला काय माहीत होतं? आमच्या मनात काही नाही. मी तरी तुम्हाला माफ केलंय."

हे शब्द माझ्या तोंडून गेले. मी ते ऐकले.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी बाई, वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घ्यायच्या आत लावला. मग गाडी लागली आणि त्या खिडकीशी जाऊन बसल्या, लिंबू नाकाशी धरून.

सारंगचे जुलाब सात आठवड्यांनी थांबले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या खंडानं मूळ रोग उलटला नाही, हे आमचं नशीब. आज तो तेवीस वर्षांचा आहे, पुण्याला नोकरी करतो आणि घरी आला की माझ्या हातची पुरणपोळी मागतो. मी वाढते. वाढण्याआधी अजून दोनदा साबण लावते. हलवा मात्र मी त्या सालानंतर केला नाही. लोक विचारतात, मी सांगते, डोळ्यांनी दोरा दिसत नाही.

सगुणामावशी त्यानंतर वर्षातून एखादवेळी यायच्या, त्यासुद्धा शोभनानं फार आग्रह केला तर. दिगंबरही हळूहळू निवळला होता, पण त्या घरात येत नसत, व्हरांड्यात बसत. सारंगची औषधं संपली, डॉक्टरांनी त्याला शाळेत घालायला सांगितलं, गल्लीत खेळायला सोडलं, तरी त्या बसत व्हरांड्यातच. सात वर्षांचा असताना तो एकदा शाळेतून आला आणि आजी म्हणून धावत त्यांच्याकडे गेला. मी दारात होते. मावशींनी झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तसेच धरून ठेवले. पोर त्यांच्या मांडीत घुसलं, गळ्यात पडलं, आणि त्या हात पाठीमागे ठेवून नुसत्या त्याच्या केसांचा वास घेत राहिल्या. मी आत जाऊन उगीच चहाचं आधण ठेवलं.

त्या गेल्या तेव्हा सारंग अकरा वर्षांचा होता. तेराव्याला आम्ही सगळे त्यांच्या गावी गेलो होतो. अंगणात मांडव घातला होता, बांधावर ती बोर तशीच उभी होती. जेवणं चालली होती. शोभना माझ्याजवळ येऊन बसली. रडून-रडून तिचा आवाज बसला होता.

"अक्का, एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "आम्ही त्या वेळी आईला फार बोललो. मी तर जा म्हणाले. ती शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. म्हणायची, सगळ्यांनी तोंड फिरवलं, पण अक्कानं मला माफ केलं. तेवढ्यावर मी जगले."

तिनं माझा हात हातात घेतला. समोर पंगत उठत होती. मी हात सोडवून घेतला आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला वाकले.